नावे पुसणारा छंद

छंदांविषयी लिहिताना आपल्याकडे एक सौम्य सूर लावण्याची प्रथा आहे. छंद ही निरुपद्रवी गोष्ट, ज्याचा छंद त्याला लखलाभ, असे म्हणून लेखक पुढे सरकतो. नाणी, टपालतिकिटे, आगपेट्यांवरील चित्रे यांच्याबाबत हे औदार्य कदाचित शोभूनही दिसेल. जुन्या लष्करी क्रीडास्पर्धांचे चषक, ढाली आणि पदके जमवण्याच्या छंदाबाबत ते दाखवायला प्रस्तुत लेखक तयार नाही. हा छंद आज ज्या रीतीने चालतो ती रीत, जे जपल्याचा तो दावा करतो नेमके तेच नष्ट करते. चांदी राहते, नावे जातात. आणि या वस्तूंमध्ये खऱ्या मोलाचे जे काही आहे ते त्या नावांतच आहे.

प्रथम या वस्तू म्हणजे काय ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश हिंदुस्थानातील छावण्यांमध्ये खेळ हा लष्करी कारभाराचाच एक भाग होऊन बसला. दारू, रोगराई आणि उन्हाळ्यातील लांबच लांब रिकामी दुपार या तीन शत्रूंशी लढण्याचे साधन म्हणून वरिष्ठ त्याकडे पाहत. पलटणीपलटणींतील ईर्ष्येला वळण लावण्याचे साधन म्हणूनही पाहत. मेरठजवळ गंगेच्या खादरात घोड्यावरून भाल्याने रानडुकरांची शिकार करण्याची स्पर्धा भरे. तिचा कादिर चषक १८७४ पासूनचा. पलटणींमधली पोलो स्पर्धा १८७७ ची, सिमल्याचा ड्युरँड चषक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा. ही झाली ठळक नावे. त्यांच्या खाली पलटणीच्या, कंपनीच्या, रिसाल्याच्या पातळीवर असंख्य लहान स्पर्धा होत: रस्सीखेच, नेमबाजी, मुष्टियुद्ध, कुस्ती, दौडत्या घोड्यावरून भाल्याने मेख उपटणे, डोंगरउतारावरून धावणे. प्रत्येकीला काही ना काही बक्षीस असे. मोठ्या स्पर्धांचे चषक लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्डहून येत, नाहीतर कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ऑर यांसारख्या पेढ्या ते घडवीत. लहान स्पर्धांना काशाचे पदक किंवा मुलामा दिलेला पेला पुरे होई.

या वस्तू आज बाजारात आहेत. लंडनच्या लिलावगृहांत आहेत, मुंबईच्या मटण स्ट्रीटवर आहेत, पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगातही क्वचित सापडतात. संग्राहकही भरपूर आहेत, आणि त्यांतले काही खरोखर जाणते आहेत. इंग्रजी चांदीवरचा चालत्या सिंहाचा शिक्का, बर्मिंगहॅमचा नांगर, वर्ष सांगणारे अक्षर हे सारे त्यांना पाठ असते. अस्सल चांदी कोणती आणि निकेलच्या मिश्रधातूवर चढवलेला मुलामा कोणता, हे ते हातात घेताच सांगतात. या विद्येबद्दल मला आदरच आहे. तक्रार आहे ती या विद्येच्या वापराबद्दल.

एक उदाहरण घेऊ. फिरता चषक, म्हणजे दरवर्षी नव्या विजेत्याकडे जाणारा, हा सहसा काळ्या लाकडी बैठकीवर उभा असतो. त्या बैठकीभोवती लहान लहान चांदीच्या पट्ट्या किंवा ढाली ठोकलेल्या असतात आणि प्रत्येकीवर वर्ष, पलटण, कधी कधी संपूर्ण संघ कोरलेला असतो. चाळीस वर्षे चाललेल्या स्पर्धेची चाळीस वर्षांची बखर त्या बैठकीवर असते. आता हा चषक विकायला येतो तेव्हा काय होते? लाकडाला वाळवी लागलेली असते, एकदोन पट्ट्या निखळलेल्या असतात, वाहतुकीला वजन नको असते. दुकानदार बैठक फेकून देतो, पट्ट्या उपटून चांदीच्या भावाने मोडीत घालतो आणि चषक चकाचक करून काचेच्या कपाटात ठेवतो. संग्राहक तो आनंदाने विकत घेतो. जिच्यामुळे हा पेला फुलदाणीहून वेगळा होता ती गोष्ट कचऱ्यात गेली, याची खंत दोघांनाही नसते.

दुसरी रीत याहून वाईट. चषकाच्या अंगावरच नावे कोरलेली असतील आणि ती कोणाच्या ओळखीची नसतील, तर ती घासून काढली जातात. कोऱ्या चषकाला सजावटीसाठी गिऱ्हाईक लवकर मिळते. हे काम कितीही सफाईने केले तरी त्या जागी पत्रा पातळ होतो, बोटाला ते कळते. तोंडाची वाफ सोडली की पुसलेल्या अक्षरांची सावली क्षणभर उमटते आणि विरून जाते. अनुभवी संग्राहक ही परीक्षा जरूर करतो, पण कशासाठी? भाव पाडून मागण्यासाठी. तेथे कोण होते, हा प्रश्न त्या वाफेबरोबरच विरून जातो.

तिसरी रीत पहिल्या दोहोंची सख्खी बहीण. कोऱ्या चषकावर एखाद्या नामांकित पलटणीचे किंवा पुढे प्रसिद्धीस आलेल्या अधिकाऱ्याचे नाव नव्याने कोरायचे आणि किंमत वाढवायची. झिजलेल्या पृष्ठभागावर धारदार अक्षरे दिसली, किंवा चषकावरच्या शिक्क्याचे वर्ष कोरलेल्या स्पर्धेच्या नंतरचे निघाले, की लबाडी उघडी पडते. म्हणजे एकीकडे खरी नावे पुसायची आणि दुसरीकडे खोटी लिहायची. इतिहासाशी एवढा निर्लज्ज व्यवहार पोथ्यांच्या किंवा ताम्रपटांच्या बाबतीत कोणी केला असता तर आपण त्याला संग्राहक म्हटले असते काय?

येथे कोणी विचारील की नावांचे एवढे काय? रस्सीखेच जिंकणाऱ्या शिपायाचे नाव राहिले काय आणि गेले काय, कोणाचे काय बिघडणार? या प्रश्नाला सरळ उत्तर दिले पाहिजे.

वसाहतकालीन सैन्यातल्या साध्या शिपायाचे नाव कागदोपत्री केव्हा येते ते आठवून पाहावे. भरती होताना, शिक्षा होताना, निवृत्तिवेतन मागताना आणि मरताना. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. १९३१ साली पूर्ण झालेल्या दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत; ती सारी मृतांची आहेत. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातील सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांच्या नोंदींची बाडे जवळजवळ शतकभर न वाचता पडून होती. २०२१ मध्ये ती लोकांपुढे येऊ लागली तेव्हा ब्रिटनमधील पंजाबी कुटुंबे आपल्या पणजोबांची गावे त्यांत शोधू लागली. नावाची भूक ही अशी असते. पण ती बाडेही सरकारने आपल्या हिशेबासाठी ठेवलेली. ज्या ठिकाणी शिपायाचे नाव तो जिवंत असताना, धडधाकट असताना, कशात तरी पहिला आला म्हणून लिहिले गेले, अशी ठिकाणे फार थोडी आहेत. पलटणीच्या क्रीडाचषकाची बैठक हे त्यांपैकी एक. कोरणाऱ्याला ती नावे नीट उच्चारता येत नसतील, रोमन लिपीत त्यांची मोडतोड झाली असेल, एकाच कंपनीत चार पवार असल्यामुळे नावाआधी क्रमांक घालावा लागला असेल. तरीही ते नाव विजयाचे आहे. त्या माणसाने आयुष्यात एकदा आठ जणांबरोबर जमिनीत टाचा रोवून दोर ओढला आणि समोरचे हलले. याची दुसरी कोणतीही नोंद जगात नसण्याची शक्यता फार मोठी आहे.

शिवाय ही नोंद मुळातच अपुरी आणि पक्षपाती आहे, म्हणून तर तिचा उरलासुरला भाग अधिक मोलाचा. कादिर चषकाच्या इतिहासात विजेत्या स्वाराबरोबर त्याच्या घोड्याचेही नाव येते. १८८३ साली रॉबर्ट बेडन-पॉवेलने, पुढे बालवीर चळवळ सुरू करणाऱ्याने, तो जिंकला तेव्हा त्याच्या घोड्याचे नाव ‘पेशन्स’ होते, हे आजही सांगता येते. गवतातून रानडुकरे उठवणाऱ्या गावकऱ्यांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही. १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिलची चौथी हुसार्स मुंबईला उतरली. तिच्या अधिकाऱ्यांनी पूना लाइट हॉर्सचा तयार पोलो घोड्यांचा ताफा भायखळ्याच्या तबेल्यांतून विकत घेतला आणि अल्पावधीतच हैदराबादेत गोवळकोंडा चषक जिंकला. १८९९ मध्ये मेरठला त्याच पलटणीने पोलोचे अजिंक्यपद मिळवले. त्या संघातले चर्चिल, बार्न्स, होर आणि सॅव्हरी हे चौघे नावानिशी नोंदले गेले. त्या घोड्यांना शिकवणाऱ्या, मालिश करणाऱ्या, रात्री त्यांच्या पायाशी झोपणाऱ्या मोतद्दारांची नावे कोणी विचारली नाहीत. चर्चिलचा हात लागलेला पेला बाजारात आला तर संग्राहक जीव टाकतील, हे सांगायला नकोच. मुद्दा असा की बाजार या जुन्या पक्षपातावर व्याज चढवतो. नोंद करणाऱ्याने अर्धी माणसे वगळली. उरलेल्यांपैकी जी ‘कोणी नव्हेत’ ती संग्राहकाने वगळायची. मग शिल्लक राहतात ते अधिकारी आणि घोडे.

या टीकेला संग्राहकांकडून मिळणारे पहिले उत्तर ठरलेले आहे: आम्ही नसतो तर हे सगळे मुशीत गेले असते. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. इंग्रजी दर्जाच्या एक किलो वजनाच्या चषकात ९२५ ग्रॅम शुद्ध चांदी असते. २०२५ साली चांदी किलोमागे लाखाच्या पार गेली, तेव्हा असा चषक कोणत्याही सराफाच्या तराजूत नव्वद हजारांहून अधिक मोलाचा ठरू लागला. कोणाही अनोळखी पलटणीचा पेला त्या तराजूपासून वाचवायचा तर त्याला त्याहून जास्त किंमत देणारा माणूस हवा, आणि तो संग्राहकच. मान्य. पण मग वाचवणाऱ्याने काय वाचवले हेही विचारायला हवे. मूस धातू ठेवते आणि आकार मोडते. बैठक फेकून, अक्षरे घासून चषक घेणारा आकार ठेवतो आणि अर्थ मोडतो. पहिल्या कृत्याला आपण नाश म्हणतो, मग दुसऱ्याला जतन का म्हणायचे?

दुसरे उत्तर संग्राहकांचे नाही, आपल्यासारख्यांचे आहे, आणि ते मला अधिक बोचते. ही सारी साहेबाची अडगळ, तिचे आम्हाला सुतक कशाला, असे म्हणणारा सुशिक्षित वर्ग मोठा आहे. त्याने या चषकांच्या बैठका एकदा वाचून पाहाव्यात. रोव्हर्स चषक पहिल्यांदा वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला. त्यानंतर गोऱ्या पलटणींची रांग लागली. आणि १९३७ साली त्या रांगेत बंगळूर मुस्लिम्स हे नाव आले. ड्युरँडच्या यादीत १८८८ च्या रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सपासून सुरू झालेली मालिका १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगपाशी येऊन तुटते. ही केवळ फुटबॉलची आकडेवारी नव्हे. सत्ता हलू लागल्याची खूण राजकीय इतिहासाच्या पुस्तकात जशी दिसते, तशी ती या नावांच्या क्रमातही दिसते.

आणि ज्याच्या जन्मदिवशी आपण राष्ट्रीय क्रीडादिन साजरा करतो तो ध्यानचंद कोठे घडला? १९२२ साली पहिल्या ब्राह्मण पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा मुलगा पलटणीच्या मैदानावर हॉकी शिकला, सैन्यातल्या स्पर्धांत खेळला आणि १९२६ साली सैन्याच्याच संघातून न्यूझीलंडला गेला. ॲम्स्टरडॅम त्यानंतर दोन वर्षांनी आले. तो एकटा नव्हता. त्याला चेंडू देणारे, त्याच्याकडून हरणारे, त्याच्याइतके नाव न झालेले अनेक शिपाई त्याच मैदानांवर होते, आणि त्यांच्या वाट्याला इतिहासात आली असेल तर एखादी चांदीची पट्टी आली. तिला साहेबाची अडगळ म्हणणे म्हणजे आपल्याच माणसांना त्यांचे नाव इंग्रजीत कोरले गेले म्हणून परके ठरवणे होय.

फाळणीने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. १९४७ साली घोडदळाच्या अठरा रेजिमेंटांपैकी बारा भारताला आणि सहा पाकिस्तानला मिळाल्या. हिंदू, शीख आणि मुसलमान तुकड्यांची अदलाबदल झाली. माणसे वाटता आली, एका संघाचा चषक वाटता येण्यासारखा नव्हता. ज्या बैठकीवर एकाच ओळीत सिंग, खान आणि राव आहेत ती आज सरहद्दीच्या कोणत्याही बाजूला असो, तिच्यातली काही नावे पलीकडचीच असणार. अशा वस्तूवरून नावे पुसणारा फक्त चांदी घासत नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी.

तिसरे उत्तर व्यवहारी आहे: मग हे सरकारच्या किंवा सैन्याच्या ताब्यात द्यावे काय? प्रस्तुत लेखक या सूचनेकडेही डोळे मिटून पाहू शकत नाही. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे हॉकीपटू बलबीरसिंग यांनी १९८५ साली नियोजित संग्रहालयासाठी आपला मेलबर्नचा ब्लेझर, छत्तीस पदके आणि शंभरावर छायाचित्रे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केली. २०१२ मध्ये कळले की ती सापडत नाहीत. २०२० साली ते वारले तोवर ती परत मिळाली नव्हती. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे ते पदक त्यांचे त्यांनाच ठाऊक होते, म्हटले तरी चालेल. हेलसिंकीचे ब्राँझपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांच्या कुटुंबाने गोळेश्वरचे कुस्ती संकुल रखडले म्हणून २०१७ मध्ये ते पदक लिलावात काढण्याचा विचार बोलून दाखवला होता. जिवंत विजेत्यांची ही कथा असताना १९०८ च्या रस्सीखेच संघाला सरकार न्याय देईल, ही अपेक्षा भोळेपणाची आहे.

पलटणींच्या मेसमध्ये चांदी नीट ठेवलेली असते, सणावारी टेबलावर मांडली जाते, तिच्याविषयी आस्थाही असते. पण मेसच्या दारातून सामान्य अभ्यासकाला प्रवेश नसतो, आणि आपल्या चषकांवरील नावांची संपूर्ण यादी छापून लोकांपुढे ठेवण्याचे काम किती पलटणींनी केले आहे? कायदा म्हणावा तर १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षे झालेली ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. १९२० च्या दशकातील चषक आता एकामागून एक ही मर्यादा ओलांडत आहेत. पण कायदा बंदरावर वस्तू अडवू शकतो. घरातल्या टेबलावर पॉलिशचा बोळा घेऊन बसलेल्या हाताला तो कसा अडवणार?

म्हणून फिरून जबाबदारी संग्राहकावरच येते, आणि ती त्याच्यावर टाकण्यात मला अन्याय वाटत नाही. वस्तू त्याच्या हाती आहे, विद्या त्याच्यापाशी आहे, पैसा त्याच्यापाशी आहे. त्याच्याकडून मागणे फार नाही. चषक आणि बैठक ही एकच वस्तू मानावी, वाळवीने खाल्लेली असली तरी. निखळलेली पट्टी डबीत जपावी, मोडीत घालू नये. कोरीव अक्षरांवरून पॉलिश फिरवू नये. काळी पडलेली चांदी वाचता येते, झिजलेली येत नाही. विकत घेताच सर्व मजकूर जसा आहे तसा, चुकांसकट उतरवून घ्यावा, प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्यावे आणि वस्तू पुढे विकली तरी ती नोंद सर्वांना उपलब्ध राहील असे पाहावे. अक्षरे घासलेला चषक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्या स्वस्ताईवरच घासणाऱ्याचा धंदा चालतो. आणि अधिकाऱ्यांच्या चांदीइतकीच शिपायांच्या काशालाही आपल्या कपाटात जागा द्यावी.

एवढे जो करील त्याला मी संग्राहक म्हणेन. इतरांनी स्वतःला चकचकीत भांड्यांचे शौकीन म्हणवून घ्यावे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ‘आम्ही इतिहास जपतो’ हे वाक्य त्यांनी उच्चारू नये. ते उच्चारायचे असेल तर पुढच्या खेपेस दुकानदाराने घासूनपुसून लखलखीत केलेला पेला समोर ठेवल्यावर भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: याची बैठक कोठे आहे?